स्पृहा एवढी का दमते

१२ जानेवारी, सोमवार
स्पृहा ड्यूटीवरून आली ती बूट न काढताच सोफ्यावर झोपली. हॉस्पिटल माझ्या बायकोला पिळून काढतंय. मी ऑपरेशन्स मॅनेजर आहे. दुखणं मुळापासून शोधणं हे माझं कामच. शोधणार. तिला उठवून जेवायला काय करतेस ते विचारलं.

१३ जानेवारी
दोन सिस्टर रजेवर, सगळा वॉर्ड हिच्या अंगावर. वर पेशंटचे नातेवाईक ओरडतात. भयंकर. उद्यापासून भाजी मी चिरणार.

१४ जानेवारी, संक्रांत
सकाळी मीटिंग निघाली. भाजी राहिली. तशीही आज गुळपोळ्या होत्या. आईला स्पृहाच्याच हातच्या लागतात. हॉस्पिटलने सणाला तरी सुट्टी द्यावी.

१७ जानेवारी, शनिवार
तिचा वीकली ऑफ. पूर्ण विश्रांती, असं मी जाहीर केलं होतं. आईने हळदीकुंकू ठेवलं. तिला बरं वाटावं म्हणून मी कात्रजच्या मावश्यांनाही बोलावलं. दिवसभर उभी होती. मी चारदा म्हटलं, बस जरा. ती म्हणाली, "मग कॉफी कोण देणार?" तेवढ्यात मला फोन आला.

१९ जानेवारी
रजा टाकून मेट्रन पूर्णिमाबाईंना भेटलो. स्टाफ कमी आहे, हे त्यांनी लगेच मान्य केलं. मग विचारलं, नाइटनंतर घरी झोप मिळते का? म्हटलं, अर्थात. खोलीचं दार बंद असतं. वस्तू कुठे आहे ते विचारायलाच फक्त आम्ही उठवतो. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मॅनेजमेंट त्यांचा विषय नसावा.

२१ जानेवारी
स्पृहा नर्सेस हॉस्टेलवर राहायला गेली. आठ दिवस म्हणाली. मी बजावलं, तिथे आणखी राबवतील. ती बॅग भरत राहिली.

२५ जानेवारी, रविवार
धायरीहून डबा घेऊन गेलो. हॉटेलचा. फाटकाशी भेटली. स्टाफ तेवढाच, काल डबल ड्यूटी. तरी चेहरा टवटवीत. मला काही टोटल लागेना. म्हणाली, "खोलीतल्या उत्कर्षाने न मागता चहा आणून दिला. मला रडू आलं."
चहाला रडण्यासारखं काय आहे? घरी कधी येतेस, विचारलं.
"आता झोपू दे, सलिल," म्हणाली आणि वर गेली.
मागोमाग जाऊन नीट समजावणार होतो. पण पुरुषांना फाटकाच्या आत सोडत नाहीत.