ड्यूलसीचा निळा पंप

१२ नोव्हेंबर
ड्यूलसीचा दम्याचा निळा पंप संपत आलाय. दम लागला की ओढायचा तो. आणि रोज घ्यायचा तपकिरी? कपाटात, न फोडलेला! 'दम लागत नाही तर औषध कशाला?' म्हणते. सत्तरीची थोरली बहीण, पण हट्ट पोरासारखा. औषधवाल्याने मला बजावलंय — छातीतली सूज रोजच्या औषधानेच उतरते, निळ्याने नुसती वेळ निभावते.

आज नवा निळा आणला. तिला सांगितलं, दुकानात नव्हता. माझ्या पर्समध्ये आहे. तपकिरी सुरू करेल तेव्हाच देईन. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही!

१४ नोव्हेंबर
उन्हाळा तोंडावर. उत्तरेच्या वाळवंटाकडून भाजणारा वारा. कुंपणापलीकडचं गवत फुलोऱ्यात. शिंकून शिंकून नाक सोललं. रेडिओ सांगतोय — संध्याकाळी वादळ, दमेकऱ्यांनी घरात राहावं. ड्यूलसीला आत बसवून खिडक्या लावल्या.

'अन् तू गं?'

'मला कुठे दमा आहे? नुसत्या शिंका!'

१६ नोव्हेंबर
इस्पितळ.

परवा संध्याकाळी वारा फिरला, गारवा आला. नेहमीसारखी सगळी गल्ली बाहेर — खुर्च्या गवतावर, दारं-खिडक्या सताड. शेजारचा नेव्हिल बनियनवर, हातात बिअर. मी वाळत घातलेल्या चादरी काढत होते. वीज चमकली, चार थेंब पडले, आणि छाती आवळली. हाकही मारता येईना.

ड्यूलसी धावत बाहेर आली. त्या हवेत! तिचा पंप माझ्या तोंडाला लावला. दाबत राहिली, शेवटी नुसता फुसफुसला. पर्स बैठकीच्या खोलीत, दाराआडच्या खुंटीला. शब्द फुटेना. मी घराकडे हात करत राहिले.

'नाही जात मी आत. गप श्वास घे.'

मग तिचेच ओठ निळे पडले. नेव्हिलने फोन केला, पण त्या संध्याकाळी सगळ्या गावालाच ॲम्ब्युलन्स हवी होती.

डॉक्टरीणबाई म्हणाली, ओल लागून गवताचे परागकण फुटतात, बारीक भुकटी होऊन खोल छातीत जातात. शिंकांवाल्यांनाही ती सोडत नाही. आम्ही तर गारवा आला म्हणून छाती भरून श्वास घेतो!

१७ नोव्हेंबर
ती श्वासाच्या यंत्रावर. मी तिच्या उशाशी. देवा, मला ने.

२० नोव्हेंबर
यंत्र काढलं! डॉक्टरीणबाई म्हणाली, रोजचं औषध घेत होती म्हणून तगली. मी म्हटलं, कुठलं रोजचं?

जूनमधल्या हिवाळ्यापासून घेतेय. शिवणयंत्राच्या खणात लपवून! कपाटातला पंप मला दाखवायला. 'तुला कळलं असतं तर वर्षभर मिरवली असतीस.'

तिचा रात्रीचा खोकला केव्हाच थांबला होता. एका घरात राहून माझ्या लक्षात आलं नाही.

२१ नोव्हेंबर
ड्यूलसी प्रत्येक नर्सला सांगतेय — 'आयव्ही स्वतः गुदमरत होती, तरी मला हाताने आत जा, आत जा करत होती. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं.'

मी ऐकून घेते. घरी गेल्यावर सांगेन.

२५ नोव्हेंबर
घरी आलो. मी चहा टाकायला गेले. तिला रुमाल हवा होता. तिने खुंटीवरची माझी पर्स उघडली.

परत आले तर पंप टेबलावर. लेबलावर तिचं नाव, बारा तारीख.

'म्हणजे तू हे सांगत होतीस,' एवढंच म्हणाली.