बॅगेतली झावळी

प्रिय आय,

प्रभू तुझ्या आणि पप्पांच्या जवळ राहो. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं.

इथला समुद्र तसा शांतच आहे. पाणी फक्त काळपट दिसतंय आणि कालपासून एकही पक्षी फिरकलेला नाही. चक्रीवादळ येतंय, म्हणून आम्हाला तेलविहिरीजवळच्या या बार्जवरून किनाऱ्यावर हलवतायत. पहिली बोट आत्ता सुटतेय, दुसरी उद्या येणार म्हणतात.

हे पत्र सांडोरच्या काशीरामकाकांकडे देतोय, आमचे स्वयंपाकी. त्यांना धाप लागते, म्हणून पहिल्या बोटीतली माझी जागा मी त्यांना दिली. रागावू नकोस. त्यांना चहा पाज.

केळींना टेकू दिलेत का? पप्पांना पत्र्यावर चढू देऊ नकोस.

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी फादरांनी आशीर्वादलेली झावळी तू माझ्या बॅगेत कोंबलीस, तेव्हा मी हसलो होतो. "आता वादळाची खबर उपग्रह देतो गं," असं म्हणालो होतो. लहानपणी आभाळ गडगडलं की वादळ टळावं म्हणून तू अशाच झावळीचा तुकडा उंबऱ्यावर जाळायचीस आणि आम्हाला गुडघ्यांवर बसवायचीस, तेव्हाही मी हसायचो. मला क्षमा कर.

आज ती शोधून काढली. पण इथे गॅस असतो, काडी ओढायला सक्त मनाई आहे. म्हणून घरच्या वेदीवरची झावळी माझ्या वतीनं तू जाळ.

मी ती नुसती हातात धरली आणि डेकवर सगळ्यांदेखत गुडघे टेकले. वाटलं, आता पोरं हसतील.

कुणीच हसलं नाही, आय.

तुझा,
इनास