चाळीसच्या चकतीतली खोबण

मी, वय वर्षे छप्पन्न, धंदा मोटार दुरुस्ती, शिक्षण आठवीपर्यंत शाळेत आणि पुढचं सगळं गाडीखाली पाठीवर पडून, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या समाधानासाठी, माझ्या मागे काय कोणाचं ते स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. वकीलबाईंनी मसुदा टाइप करून दिला होता. त्यात सात चुका निघाल्या, म्हणून हाताने लिहितो.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका." मी विचारलं, "नवी झडप किती मिलिमीटरची?" ते म्हणाले, "तेवीस." मी वहीत लिहून घेतलं. जो माणूस विचारल्याबरोबर आकडा सांगतो त्याच्या हाती मी स्वतःला सोपवू शकतो. तरीही काही कमीजास्त झालं, तर पुढीलप्रमाणे व्हावं.

कलम १. राहतं घर संपूर्णपणे माझ्या पत्नीचं. तिने या घरात माझे तेलकट कपडे तीस वर्षं धुतले आणि एकदाही गॅरेज बंद करा म्हणाली नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. हे तोंडाने सांगायला जमलं नाही. मागच्या खोलीचं दार पावसाळ्यात फुगतं. ते वरून तासू नये, खालून तासावं, तीन मिलिमीटर, जास्त नाही.

कलम २. बँकेतली ठेव पत्नी आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. यावर आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

कलम ३. गॅरेज पत्नीच्या नावे. चालवायचं की भाड्याने द्यायचं ते तिने ठरवावं. फक्त भिंतीवरचा हत्यारांचा फळा काढू नये. प्रत्येक पान्यामागे त्याची आकृती मी रंगवलेली आहे. जी आकृती रिकामी दिसेल तो पाना शेजारच्या टायरवाल्याकडे असतो. तो कधी आपणहून परत देत नाही, मागावा लागतो. माणूस मात्र लाखातला आहे. छातीत पहिल्यांदा दुखलं तेव्हा गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडून मला दवाखान्यात त्यानेच नेलं. रस्ताभर बडबडत होता, "मेलास तर तुझा बावीसचा पाना मीच ठेवणार." बावीसचा पाना त्याला द्यावा.

कलम ४. पिकअप माझ्या मुलीला. तिची रोपवाटिका आहे, कुंड्या आणि माती न्यायला ती आत्ताही हीच गाडी नेते. या गाडीबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

कारखान्यातून आली तेव्हा गाडीचं नाक खाली होतं. चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंत मोजलं तर पुढून मागच्यापेक्षा चाळीस मिलिमीटर कमी. रोज सकाळी शटर उघडलं की ती मान खाली घालून उभी दिसायची, गुन्हा केल्यासारखी. मला ते बघवेना. नऊ वर्षांपूर्वी मी ठरवलं, पुढून उचलायची, समतल करायची आणि जरा मोठे टायर बसवायचे.

टायरवाला म्हणाला, "एकतीस इंची घासतील रे, पूर्ण वळणावर आतल्या प्लॅस्टिकला लागतील." मी म्हणालो, "लागणार नाहीत." लागले. मी प्लॅस्टिक कापलं. तो बरोबर होता, हे त्याने इथे वाचून घ्यावं, पुन्हा कोणी सांगणार नाही.

मुलीने लक्षात ठेवावं: टायर मोठे असल्यामुळे काट्यावर साठ दिसतात तेव्हा गाडी चौसष्टने पळत असते. मागे माती भरली की नाक वर जातं, तेव्हा हेडलाइट खाली करावेत, समोरच्याचे डोळे दिपवू नयेत. स्टेपनी अजून जुन्या मापाचीच आहे. ती बदलायची राहिली, ही माझी हयगय.

समोरचा भाग उचलायला शॉकअपच्या वर चकती घालावी लागते. माझा हिशोब सरळ होता: चाळीस खाली आहे, चाळीसची चकती घाला. चकत्या लेथवर कराव्या लागतात, आणि लेथ माझ्या धाकट्या भावाकडे. म्हणून पुढचं कलम.

कलम ५. वडिलांचा व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे केसभराचंही माप घेणारं हत्यार, लाकडी पेटीसह.

आधीच्या मसुद्यात लिहिलं होतं: "हा व्हर्नियर कोणालाही द्यावा, पण कोणत्याही परिस्थितीत धाकट्याला देऊ नये." ते वाक्य रद्द. का रद्द, ते लिहितो.

वडिलांच्या कारखान्याची वाटणी झाली तेव्हा मधे पत्र्याची भिंत आली. लेथ त्याच्याकडे गेला, बाकीची जागा माझ्याकडे. तो म्हणाला, "दादा, लेथ माझा तर व्हर्नियरही माझ्याकडे हवा. मी कशाने मोजू?" मी म्हणालो, "डोळ्यांनी मोज." कामावर जाताना वडील एक वेळ मला न्यायला विसरायचे पण व्हर्नियर विसरायचे नाहीत, आणि मी थोरला, एवढंच माझं कारण होतं. अकरा वर्षं तो पेटीत पडून राहिला. मी वापरला नाही, त्याला दिला नाही. त्या दिवसापासून आम्ही चिठ्ठ्यांवर बोलतो. पत्र्यात एक खिडकी आहे. तिच्यातून चिठ्ठी जायची, जिन्नस यायचा.

चकत्यांची चिठ्ठी गेली तेव्हा मात्र तो खिडकीशी आला. दोन वर्षांत पहिल्यांदाच. म्हणाला, "दादा, जितका फरक तितकी चकती, असं चालत नाही."

मी म्हणालो, "तू लेथ बघ. गाडी मी बघतो." आणि खिडकी लावून घेतली.

चौथ्या दिवशी चकत्या आल्या, ग्रीस लावून, फडक्यात गुंडाळून. पट्टीने उंची मोजली. चाळीस. खालच्या बाजूने बोटाचं पेर आत जाईल एवढी खोबण होती. मला वाटलं, शॉकअपची टोपी सरकू नये म्हणून ठेवली असेल. चकत्या बसवल्या, टायर चढवले, गाडी खाली सोडली. पुढून मोजलं, मागून मोजलं, एका रेघेत. मी टायरवाल्याला पेढा भरवल्यासारखा चेहरा करून म्हणालो, "इंजिनीअरिंग कॉलेजवाल्यांना बोलाव बघायला."

त्यानंतर चौदा गाड्या मी समतल केल्या. दर वेळी तोच हिशोब, तीच चिठ्ठी, दर वेळी गाडी एका रेघेत. माझं नाव झालं.

गेल्या मंगळवारी या मृत्युपत्रासाठी वस्तूंची यादी करत होतो. व्हर्नियर चालतो की नाही ते पाहिल्याशिवाय यादीत 'चालू स्थितीत' कसं लिहिणार? पेटी उघडली. फळीवर एक जादा चकती होती. उंची मोजली: चाळीस. सहज म्हणून व्हर्नियरच्या शेपटाकडून निघणारी, खोलपणा मोजायची काडी खोबणीत घातली: वीस.

म्हणजे टोपी वीस आत शिरते आणि चकती उरते वीसचीच.

मी खुर्चीवर बसलो. मग पुठ्ठ्यावर आकृती काढली. चाकाच्या खालच्या दांड्याचं एक टोक चासीला, दुसरं चाकाला, आणि शॉकअपची स्प्रिंग मध्यावर. मध्यावर बोटभर ढकललं की टोक दोन बोटं खाली जातं. वीसची चकती, चाळीसची उंची. माझी चाळीस घातली असती तर गाडी ऐंशीने वर गेली असती, ॲक्सलचे सांधे वाकडे फिरले असते आणि एखाद्या खड्ड्यात चाक निखळलं असतं. एक नाही, पंधरा गाड्या. त्यातल्या एकीत माझी मुलगी.

घरी येऊन पत्नीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्ता कळलं होय?"

"तुला माहीत होतं?"

"भाऊजींनी तेव्हाच सांगितलं. म्हणाले, वहिनी, बोललो तर दादा हट्टाने चाळीसच घालेल. म्हणून बाहेरून चाळीस ठेवतो, आतून कोरतो. त्याला सांगू नका, तोंड पाडून बसेल."

मुलीला फोन केला. तीही म्हणाली, "बाबा, काका दर वेळी चिठ्ठी वाचून हसायचे आणि निम्मं करायचे."

घरात फक्त मला माहीत नव्हतं. मी, जो दुसऱ्याच्या मसुद्यात सात चुका काढतो.

सबब असं लिहितो की व्हर्नियर, पेटीसह, माझ्या धाकट्या भावाला. चौदा गिऱ्हाइकांचे आणि माझ्या मुलीचे प्राण त्याने वाचवले आणि माझी पतही ठेवली. यातलं दुसरं जास्त अवघड होतं. मी त्याचा आभारी आहे.

कलम ५ मधली दुरुस्ती. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला वस्तू मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. मला धाकटा साक्षीदार हवा आहे. म्हणून कलम ५ मधला व्हर्नियर या मृत्युपत्रातून वगळला आहे. तो मी आज सकाळी हातोहात दिला.

माझ्या शटरपासून त्याच्या शटरपर्यंत सोळा पावलं आहेत. तो लेथवर होता. मी पेटी ठेवली आणि म्हणालो, "खोबण मोजली." त्याने लेथ बंद केला, हात पुसले, दोनदा पुसले. व्हर्नियर काढला, जबडे मिटवून उजेडात धरला.

"दादा, शून्याला केसभर पुढे दाखवतोय."

"अकरा वर्षं पेटीत होता."

"मग खोबण कशी मोजलीस?"

"वीस आले."

"म्हणजे नक्की किती, ते तुला अजूनही माहीत नाही," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो. मला छातीला हात लावून हसावं लागलं. त्याने ते पाहिलं, व्हर्नियर खाली ठेवला. मग म्हणाला, "सोमवारी किती वाजता?"

"आठला पोहोचायचंय."

"मी नेतो. पिकअपनेच. स्टेपनी कुठल्या मापाची आहे?"

मी रिकाम्या पेटीचं झाकण लावलं. तो म्हणाला, "वाटलंच होतं."

कलम ६. पत्र्याची मधली भिंत काढावी. पत्रे चांगले आहेत, ते मुलीच्या रोपवाटिकेला द्यावेत. मी सोमवारनंतर परत आलो तर हे काम मीच करीन.

वर लिहिलेलं सर्व मी वाचून पाहिलं, दोनदा, आणि ते बरोबर आहे. आज गुरुवार, मुक्काम गॅरेजचं ऑफिस, सकाळचे साडेअकरा. खालील दोघांच्या देखत सही केली, आणि त्यांनी माझ्या देखत.

सही: गॅरेजवाला, मोठा भाऊ

साक्षीदार पहिला: टायरवाला. (बावीसचा पाना आत्ताच नेतो आहे. द्यायचाच आहे तर वाट कशाला बघा. कलमातून वगळावा.)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, लेथ कारागीर. (व्हर्नियरचं शून्य लावून खोबण पुन्हा मोजली. दादाचे वीस बरोबर आहेत.)