पहिलं नको

रविवार, दिवेलागण. कुरुंदा.

नांदेडच्या ग्रिल हॉटेलात पोटभर खायला म्हणून गेलो आणि उपाशी परत आलो. सांगावं तरी कोणाला?

संदेशनं, माझ्या पोरानं, मोठ्या हौसेनं बोलावलं होतं. रविवारचा खास बेत, पाहिजे तेवढं खा, पाहिजे तेवढी बियर प्या. टेबलातच निखारे. वेटर कबाबची सळई घेऊन आला, "सर, अजून?" मी रीतीनं नको म्हणालो. आपल्याकडं पहिलं नको कोण ऐकतं? हा पठ्ठ्या खुशाल सळई घेऊन पुढच्या टेबलाला गेला!

मग संदेशनं विचारलं, "बाबा, बियर घेता का?" पोरासोबत एकदा ग्लास घेऊन बसावं, ही कधीची इच्छा. तरी तोंडातून निघालं, "न्हाई रे." त्यानं स्वतःपुरतीच मागवली.

काहून असं होतं माझं?

एसटीत बसवून देताना खिडकीशी येऊन म्हणाला, "तुमी आन् आई आता आमच्याकडंच राहायला या." मी म्हणालो, "नको रे, तुमाला उगं तकलीफ." तो "बरं" म्हणाला. बस सुटली. त्याचा तरी काय दोष? वेटरसारखाच त्यानंही माझा शब्द खरा मानला.

घरी हिनं ताट वाढलं. "अजून एक भाकर?" मी म्हणालो, "नको." तिनं वाढली.

खाता खाता सगळं तिला सांगितलं. हसली न्हाई. फोन पुढं सरकवला आणि म्हणाली, "त्यानं पुन्हा इचारायची वाट नका बघू. तुमीच व्हय म्हणा."