कन्या मार्का

१ जानेवारी, सकाळी
नवी डायरी. कागद जाड आहे. गेल्या वर्षीची चार तारखेला थांबली, पण तेव्हा मी मनावर घेतलं नव्हतं.
यंदा संकल्प तीनच. वजन, राग आणि स्त्रियांची उन्नती.
तिसरा परवा सुचला. व्यापारी मंडळाच्या जेवणात शेजारी देणगी-संस्थेच्या बाई बसल्या होत्या. इथल्या लोकांची मदत त्या समुद्रापलीकडच्या देशांत मुलींसाठी पोचवतात. म्हणाल्या, तिकडे मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथल्या संडासांना आतून कडीच नाही. मुली जरा मोठ्या झाल्या की लाजेने शाळा सोडून घरी जातात.
घास हातातच राहिला. जगात इतके लोक, आणि बाई नेमक्या कड्या बनवणाऱ्याच्या शेजारी येऊन बसल्या. याला योग म्हणतात. लगेच शब्द दिला. वजनाचं उद्यापासून.

३ जानेवारी
घरात सांगितलं. ही म्हणाली, बरं. हिच्या 'बरं'चे बरेच प्रकार आहेत. हा कुठला ते कळलं नाही.
लेकीने मात्र लगेच विचारलं, बाबा, कुठल्या कड्या पाठवणार? म्हटलं, आपल्याच की, कन्या मार्का. तर म्हणते, ते कडी-कोयंडे झाले, ते दाराला बाहेरून लावतात, कुलूप घालायला. संडासाला आतली कडी लागते. म्हटलं, लोखंड ते लोखंड. ज्याला आत लावायची तो आत लावेल.
आतल्या कडीचं काम मी सात वर्षांपूर्वीच बंद केलं. खपत नाही. माणूस बाहेर जाताना सामान बंद करतो, तिथे तो हात सैल सोडतो. आत बसलेल्याची काळजी बाजाराला नसते. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नाही. हातगाडीवर बिजागऱ्या विकताना शिकलो.
उठता उठता लेकीने पुन्हा तोच विषय काढला. कारखाना पुढे माझ्याकडे देणार की नाही ते मार्चअखेर सांगा, म्हणाली. दुसऱ्या शहरातल्या कुलपांच्या कंपनीने बोलावलंय, त्यांना उत्तर द्यायचंय. म्हटलं, अगं, तू झालीस म्हणून कन्या मार्का नाव ठेवलं, कडी न् कडीवर ठोकलं, अजून काय करायचं बापाने? यावर ती ताट उचलून आत गेली. पटलं असणार.
सहा वर्षं प्रेस मशीन सांभाळते आहे, पण घाई गेली नाही. मार्च लांब आहे. निवांत बोलू.

९ जानेवारी
माझे कान हे माझं भांडवल. केबिनमध्ये बसून सांगतो, कुठला डाय, म्हणजे साचा, झिजलाय, कोण काम सोडून गप्पा मारतंय.
आज लक्षात आलं, पॅकिंगच्या बायका खोकतात. मागच्या बाजूला एक खोकते, लगेच दुसरी. थोड्या वेळाने पुन्हा तेच. प्लेटिंगचा धूर बाधत असणार. दुसऱ्या मालकाला हे ऐकूही आलं नसतं. नुकत्याच कारखान्यात आलेल्या पुतण्याला पाठवून खोकल्याच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या आणवल्या आणि स्वतःच्या हाताने वाटल्या.
पॅकिंगच्या मावशींनी बाटली धरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. गहिवरून आलं असेल.

१७ जानेवारी
संस्थेच्या बाईंशी व्हिडिओ कॉल. बाई म्हणाल्या, आधी मुलींना विचारू या का, त्यांना कशी कडी हवी? म्हटलं, बाई, तहानलेल्याला विचारतात का, पाणी गार देऊ की कोमट? चांगलं वाक्य झालं. भाषणात घालणे.
कॉलवर तिकडचे वसतिगृहाचे सुपरिटेंडेंटही होते. माणूस कामाचा. त्यांनी एकच विचारलं, मजबूत आहेत ना?
मजबूत म्हणजे काय. गोदामवाल्याने परत केलेला लॉट मागे पडून आहे, नऊ इंची, जाड. तोच द्यायचं ठरवलं. हत्तीने ओढली तरी कडी निघणार नाही. हे घरी सांगितलं तर लेक म्हणाली, मुलींच्या संडासाला हत्ती येत नाही, बाबा. ही हसली. मीही हसलो. राग आवरतोय, संकल्प क्रमांक दोन.

२ फेब्रुवारी
खोकला कमी नाही. दुसरं औषध आणावं म्हणून लेकीला नाव विचारलं, तर तिने भलतंच सांगितलं. आपल्या कारखान्यात बायकांच्या संडासाला आतून कडी नाही. जाणारी बाहेरून खोकते. आत कोणी असेल तर ती उलटून खोकते, आहे मी. औषध कोणी प्यायलं नाही. मावशींनी बाटल्या धुऊन त्यात मशीनचं तेल भरून ठेवलंय.
वाईट वाटलं. मला कोणी सांगायचं नाही? लेक म्हणाली, सांगितलं होतं, बाबा. पहिल्या वर्षीच. तेव्हा तुम्ही म्हणालात, एका कडीसाठी डाय बसवू का?
मी असं म्हणालो असेन, पण संदर्भ वेगळा असणार.
उद्याच्या उद्या कडी.

३ फेब्रुवारी
सुतार आला नाही.

५ फेब्रुवारी
सुतार आला. चौकट वाकलीये म्हणाला आणि चहा पिऊन गेला.
लेकीने खिशातून स्वतः बनवलेली आतली कडी काढली. ओल्या बोटानेही सरकते, लहान मुलीलाही जमेल. वाकड्या चौकटीवरही बसते. म्हणाली, आजच लावते, आणि तुम्ही हो म्हणा, पंधरा दिवसांत तिकडच्यासाठीही काढून देते. काम सुबक आहे. हात माझाच आहे तिच्यात.
पण कामाला पद्धत असते. म्हटलं, पुतण्याला दाखवू, त्याचं मत घेऊ. तो नवीन आहे, फ्रेश नजर असते. पुतण्याने कडी खालीवर करून पाहिली आणि म्हणाला, काका, क्यूट आहे. सध्या त्याच्या टेबलावर आहे. पंख्याने कागद उडतात त्यावर ठेवतो.

१९ फेब्रुवारी
माल रवाना. ट्रकसमोर फोटो. मी, पुतण्या आणि बॅनर, 'तिच्या सुरक्षिततेसाठी'. बायकाही हव्यात म्हणून मावशींना बोलावलं, पण त्या तेव्हा संडासाबाहेर उभ्या होत्या. पाळी लावलीय म्हणे, खोकण्यावर आता भरवसा नाही. प्लेटिंगवाले पुरुषही गंमत म्हणून खोकतात.
हे अति झालं. उद्या सगळ्या पुरुषांना समज.

२० फेब्रुवारी
समज देणार होतो. पण सगळे एकदम खोकायला लागले, आणि मला हसू आलं.

८ मार्च
आजचा दिवस विसरणार नाही. व्यापारी मंडळात 'मुलगी आणि समानता' यावर माझं भाषण. लेकीने लिहून दिलं होतं. चांगलं होतं, पण कोरडं. ते खिशात ठेवलं आणि मनातलं बोललो. गार-कोमट पाण्याला टाळ्या. संस्थेच्या बाई पहिल्या रांगेत होत्या. हातगाडीच्या दिवसांवर आलो तेव्हा मीच रंगून गेलो. त्या भरात वाटलं, भविष्यावर संपवावं. पुतण्याला स्टेजवर बोलावलं आणि जाहीर केलं, कन्या मार्काची धुरा पुढे हा वाहील.
तसं काही ठरलं नव्हतं. पण सभागृह तयार होतं. ऐनवेळी मुलीचंच नाव घेतलं असतं तर लोकांना वाटलं असतं, विषयाला धरून बोलतोय. मनापासून वाटलं नसतं.
गुच्छ लेकीच्या हातून देवविला. समानता.

९ मार्च
हिला कालचं भाषण सांगितलं. ही म्हणाली, बरं. आज प्रकार कळला.
लेकीला समजावलं. तो नावाला, काम तूच बघायचंस. बाजारात वसुलीला बाईमाणूस कुठे धाडायचं? ती म्हणाली, सहा वर्षं मीच जातेय, बाबा. हे खरं आहे. पण तेव्हा ती माझी मुलगी म्हणून जायची. मालक म्हणून जाणं वेगळं. हा बारकावा तिला कळत नाही. अनुभव लागतो.
मार्चअखेरीला अजून बराच वेळ आहे.

३० मार्च
लेक या विषयावर बोलत नाही. म्हणजे राग गेला. मुली मायाळू असतात. उद्या बसून सविस्तर बोलायचं. काय बोलायचं याचे मुद्दे काढायचे.

३१ मार्च
पुतण्याने वेगाचं बटण फिरवून प्रेस अडकवली. लेकीने संध्याकाळपर्यंत खपून सोडवली. दोघंही दमलो, ती काम करून आणि मी बघून. बोलणं उद्यावर.

१ एप्रिल
गेली.
सामान फार नव्हतं. मापाची पट्टी, चष्मा, जाड बूट. पाया पडली. मी म्हटलं, अगं, आज मुद्दे काढणार होतो. ती म्हणाली, असू द्या, बाबा. ही तिला सोडायला गेली आहे. चार दिवसांत येते म्हणाली.
मी विचलित नाही. पाखरं उडायचीच. उलट मी तिला स्वतःच्या पायांवर उभं केलं, हेच तर समानतेचं मर्म. भाषणात घालणे.

११ एप्रिल
हिचा फोन. तिथे बरं वाटतंय, अजून राहते म्हणाली. बरं म्हटलं. मला हा शब्द तिच्यासारखा जमत नाही.

२६ एप्रिल
मशीन वेगळी वाजतेय. कुठेतरी काहीतरी झिजलंय. मला ऐकू येतं, पण दुरुस्ती लेकच करत असे. पुतण्या म्हणाला, काका, गाणी लावू का? आवाज जाणवणार नाही. लावली.
मावशींच्या हाताखालच्या दोघी काम सोडून गेल्या. कारण विचारलं तर मावशी म्हणाल्या, मालक, माणूस किती वेळ धरून बसणार? मी म्हटलं, कामाचं असं धरून बसायचं नसतं. त्या म्हणाल्या, कामाचं नव्हे.

१२ मे
तिकडून फोटो आले.
वसतिगृहाचा लांब व्हरांडा. ओळीने खोल्या. प्रत्येक दाराला आपली कडी, बाहेरून, कोयंड्यात कुलूप. प्रत्येक कडीवर ठसठशीत कन्या. फोटो दिवसाउजेडी काढलाय. एका खिडकीच्या गजांमागे चारपाच मुली. हसा म्हटलं असणार कोणीतरी. एकीने ऐकलंय.
सुपरिटेंडेंट लिहितात, संडासाची दारं पत्र्याची, त्यांना नऊ इंची कडी पेलली नाही. पण खोल्यांना फार उपयोग झाला. आता दिवस मावळला की सगळ्या आत, सकाळपर्यंत एकही बाहेर फिरकत नाही. पालक समाधानी. शाळा सोडून जाण्याचं प्रमाणही थांबलंय. आभार. खिडक्यांसाठी आणखी मिळतील का?
थांबलंय, हे त्यांनीच लिहिलंय. मी नाही म्हणत.

१३ मे
संस्थेच्या बाईंचा फोन. त्या एकच म्हणाल्या, मी विचारू या म्हणाले होते. मग म्हणाल्या, त्या काढून घेता येतील का, आणि आतल्या कड्या देता येतील का? म्हटलं, हल्ली आमच्याकडे ते काम होत नाही. जी करायची ती बाहेरगावी असते.
दुपारी लेकीला फोन लावला. उचलला. फोटोचं सांगायचं होतं. तिकडे पाणी कसं आहे ते विचारलं. चांगलं आहे म्हणाली. तिच्या मागे मशीन चालू होती. छान वाजत होती, एकसारखी. ठेवते म्हणाली. मी ऐकत राहिलो.

१४ मे
लेकीची ती आतली कडी निदान आपल्या संडासाला लावावी म्हणून पुतण्याच्या टेबलाशी गेलो. सापडली नाही. पुतण्या म्हणाला, ती क्यूटवाली? कुठल्यातरी खोक्यात गेली असेल, काका. मग म्हणाला, सुपरिटेंडेंटसाहेबांना काय कळवू, खिडक्यांचं?
गोदामवाल्याचा अर्धा लॉट अजून मागे पडून आहे.
पाठव म्हटलं.
केबिनमध्ये येऊन बसलो. गाणी थांबली होती. मागच्या बाजूला कोणीतरी खोकलं. आतून उत्तर आलं.
कान शाबूत आहेत.