आनंदीबाईंचं भाषण

१७ जानेवारी १९९५

मिळाला विषय! तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा — ‘थोर भारतीय स्त्री-पुरुष’. मुख्याध्यापक म्हणाले, कुणालाही घ्या, पण नंबर आला पाहिजे. मी डॉक्टर आनंदीबाई जोशी घेतल्या. बोलणार आठवीतली प्रतिक्षा. नोकरी अजून टेंपररीच आहे. पण बी.ए. केल्याचं चीज होईल असं आज पहिल्यांदा वाटलं.

१९ जानेवारी

भाषण लिहून झालं. ‘लग्न नवव्या वर्षी झाले, पण ती थांबली नाही. सातासमुद्रापार जाऊन डॉक्टर झाली!’ — इथं हात वर करायचा. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी पानमळ्याच्या कडेला सराव करतो. प्रतिक्षानं विचारलं, डॉक्टर व्हायला किती शिकावं लागतं. मी सांगितलं. तिनं बोटांवर मोजलं. “मग व्हतंय की!”

२४ जानेवारी

इंदापूरला पहिला नंबर! मागून कुणीतरी शिट्टी मारली, तरी पोरगी अडखळली नाही. तिचे वडील कुंडलिकराव फेटा बांधून आले होते. डोळे पुसत होते.

खाली उतरल्यावर वालचंदनगरकडच्या एका गृहस्थांनी विचारलं, मुलगी कुणाची? मी गाव, वाडी, वडलांचं नाव, सगळं सांगितलं. स्वतःचीच असल्यासारखं!

१३ फेब्रुवारी

कुंडलिकराव पेढे घेऊन शाळेत आले. मला वाटलं, बक्षिसाचे. पेढा तोंडात घातला आणि मग कळलं — प्रतिक्षाचं लग्न ठरलं. त्या गृहस्थांच्या मुलाशी.

“बाई, तुमच्या भाषणानंच जमलं. पाव्हणं म्हनलं, अशी बोलकी पोरगी आमच्या घरात पायजे.”

मी म्हटलं, ती चौदाची आहे. कायद्यानं अठरा लागतात.

ते रागावले नाहीत. हसलेच. “त्या डॉक्टरीणबाईचं नवव्या वर्षी झालं, आसं तुमीच पोरीला बोलाया लावलं. तिचं न्हाय काय अडलं. आमची तर त्यापरीस घोडनवरी हाय!”

सगळी स्टाफरूम हसली. पेढा तोंडात तसाच.

२६ फेब्रुवारी

रविवार. कऱ्हाटीला घरी आले. आबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्यांची पोर, त्यांचं घर. तू तितं पाव्हणी. नोकरी पक्की होईस्तवर तोंड उघडू नको. आई शेजारणीला सांगत होती, आमची बी.ए. झालेली, शाळंत मास्तरीण हाय. तिच्या आवाजातला तोरा ऐकून जास्तच लाज वाटली.

६ मार्च

पोलीस पाटलांकडे गेले. चहा पाजला. म्हणाले, लग्न झालंय का? नाही ना? मग आत्ता गुन्हा कसला? झाल्यावर या! झाल्यावर गेले तर म्हणतील, आता संसार मोडता का?

मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, बाई, नंबर आला ना, मग झालं.

२९ मार्च

प्रतिक्षा परीक्षेला येते. सगळ्यांच्या आधी येऊन बसते. आज म्हणाली, सासरची माणसं चांगली आहेत, शिकवू म्हणालीत. मग हळूच — “बाई, आनंदीबाईंना नवऱ्यानं, गोपाळरावांनी शिकवलं होतं ना? खरंच शिकवत्यात का वो सगळी?”

मी म्हटलं, शिकवतील. दुसरं काय म्हणणार होते?

१७ एप्रिल

झोप नाही. आनंदीबाईंऐवजी दुसरं कुणीही घेतलं असतं तर! — पण तसंही स्थळ आलंच असतं. आलं असतं का?

७ मे

लग्न. जायचं नव्हतं; गेले. मंगलाष्टकांआधी सत्कार चालले होते. माइकवरून माझं नाव पुकारलं — ‘ही सोयरीक जमवणाऱ्या बाई!’ नारळ आणि खण हातात दिला. मी घेतला.

मग सासरे म्हणाले, “सूनबाई, तेच भाषण हू द्या की. बघू द्या सगळ्यांना.”

प्रतिक्षा उठली. मुंडावळ्या मागं सारल्या. एक वाक्य चुकली नाही. नवव्या वर्षापाशी मांडवात टाळ्या. डॉक्टर झाल्यावर हात वर. मी लिहिलेलं तिथं संपलं. ती थांबली नाही.

“पुढचं मी लायब्ररीत वाचलं. आनंदीबाई भारतात परत आल्या. एकाही पेशंटला तपासायच्या आधी, एकविसाव्या वर्षी वारल्या. माझं वय चौदा. मला हे लग्न करायचं नाही.”

कुणीतरी बँडवाल्यांना वाजवा म्हणून हात केला. माइक अजून तिच्याच हातात होता. मी नारळ खाली ठेवला आणि तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले.