बिब्ब्याचा डाग

मारतहळ्ळी, बंगळूर
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अक्का,

दसऱ्यापासून तुला धड फोन नाही, दिवाळीलाही आलो नाही. भाऊबीजेला तू चंद्राला ओवाळलंस, असं अभिराजनं कळवलं. तुझा मुलगा तुझ्या चहाड्या बरोबर पोचवतो. राग धरू नकोस. कामाचं कारण सांगितलं होतं, ते अर्धंच खरं. माझ्या टाचेला फोड आला होता आणि लंगडत तुझ्यासमोर यायचं नव्हतं. तो कसा आला ते पुढे सांगतो.

माझं काम काय, हे तू दरवेळी विचारतेस आणि मी 'कॉम्प्युटरचं' म्हणून सोडून देतो. माझ्यासमोर कातडीवरच्या डागांचे, तिळांचे मोठे केलेले फोटो येतात. त्यांतले रंग मी खुणा करून वेगळे करतो: फिका तपकिरी, गडद तपकिरी, काळा, लाल, पांढरट, निळसर राखाडी. त्यावरून मशीन मेलानोमा ओळखायला शिकतं. मेलानोमा म्हणजे कातडीचा एक वाईट कॅन्सर. एकाच रंगाचा डाग बहुतेक वेळा साधा असतो. एकाच डागात तीन-चार रंग, तेही सांडल्यासारखे वेडेवाकडे, असले की आम्ही थांबतो. निळसर राखाडी दिसला की माझा हात माउसवर तसाच राहतो. ओल्या राखेसारखा असतो तो रंग.

दसऱ्याला तू नव्या जोडव्यांचा फोटो पाठवलास. मांडी घालून बसली होतीस, त्यामुळे एका पायाची जोडवी दिसत होती आणि दुसऱ्याचा तळवा. जोडवी कशी आहेत हे मला आजही सांगता येणार नाही. टाचेजवळ काळा डाग होता. फोन करून विचारलं तर तू हसलीस. "अरे विदू, काटा मोडला होता, सोयराबाईनं बिब्ब्याचा चटका दिलाय. तुझ्या कॉम्प्युटरला बिब्बा ठाऊक नाही वाटतं." मागून भाऊजींचंही हसू ऐकू आलं. मीही हसलो. आपल्या गावात बिब्ब्याचा डाग नसलेला तळवा शोधूनही सापडायचा नाही.

पण तुझं बोलणं खरं निघालं, बिब्बा कॉम्प्युटरला ठाऊक नाही. आमच्याकडचे बहुतेक फोटो गोऱ्या माणसांच्या पाठीचे आणि पोटऱ्यांचे. तळव्यांचे थोडे, बिब्ब्याचा एकही नाही. तुझा फोटो मी मशीनला दाखवला नाही. त्यानं 'काळजी नाही' म्हटलं असतं तर मी तेवढ्यावर झोपलो असतो, ही भीती होती.

म्हणून एक वेडेपणा केला. के. आर. पुरमच्या बाजारातून बिब्बा आणला. दुकानदार म्हणाला, "सर, स्वल्प जपून." सुईला टोचून दिव्यावर धरला आणि सुटलेलं तेल स्वतःच्या टाचेला लावलं. आई गं, काय आग. फोड उठला, फुटला, मागे डाग राहिला. त्याचे रोज खिडकीच्या उजेडात फोटो काढत होतो. तुझ्याकडूनही 'जोडव्यांचा अजून एक पाठव', 'आता उन्हात बसून पाठव' अशी निमित्तं काढून मागत होतो. तुला वाटलं असेल, विदूला जोडव्यांचं भारीच कौतुक. मला फक्त तुझा डाग बिब्ब्याचाच निघायला हवा होता. माझा डाग एकाच रंगाचा होता. तुझ्या डागात मात्र काळ्याच्या कडेला तपकिरी, एका बाजूला गुलाबी. आणि मधे जे दिसत होतं, ते कधी मोबाईलचा दोष, कधी सावली, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या डॉक्टर श्वेता आहेत. नाव न सांगता त्यांना फोटो दाखवला. त्या घाबरवणाऱ्यांतल्या नाहीत. "तपासल्याशिवाय मी काही म्हणणार नाही," म्हणाल्या. "पण तुम्ही फोटो बघत बसू नका. त्या बाईंना घेऊन या."

तरीही मी माझ्या टाचेची वाट बघत थांबलो. बिब्ब्याचा डाग कातडीबरोबर झडतो. माझा टिकला असता तर तुझाही टिकू शकतो असं म्हणता आलं असतं. आज सकाळी अंघोळ करताना पाहिलं, टाच स्वच्छ होती. काल अभिराजनं पाठवलेल्या फोटोत तुझा डाग तिथेच आहे, पसरलेला आहे, आणि मधला रंग ओल्या राखेचा आहे. बिब्बा कदाचित काट्यावर लावला असेल, पण हा डाग बिब्ब्याचा नाही. हे फोनवर सांगितलं तर तू स्पीकर लावशील आणि सगळे मिळून मला हसाल, म्हणून लिहितोय. आमच्या वरच्या मजल्यावरचा रघुपती आज आपल्याच गावाकडे निघालाय, पत्र त्याच्या हाती देतो. परतताना तो तुला घेऊन येईल, दोघांची तिकिटं काढली आहेत. तोवर डागाला कोणाला हात लावू देऊ नकोस, सोयराबाईलाही नाही. मी चुकलो तर जन्मभर हसा. मला तेच हवंय, अक्का.

तुझाच,
विदू

(विदूच्या वहीत, त्याच दिवशी) उद्या: डॉक्टर श्वेतांना त्या बाईंचं नाव सांगणे.